थांबा, कारण निवडा

३० ऑगस्ट, शनिवार

आजपासून दैनंदिनी लिहायची ठरवलं आहे. लोणावळ्याच्या एका रिसॉर्टमध्ये दिवसभर ट्रेनिंग होतं. तिथे टाय लावलेल्या गृहस्थांनी पडद्यावर मोठ्या अक्षरांत दाखवलं की ज्याची नोंद नाही ते घडलेलंच नाही. मला एकदम पटलं. डिप्लोमा झाल्यापासून माझ्या आयुष्यात काही घडलं नाही असं आई उठता-बसता म्हणते. घडलं असेल, नोंद राहिली असेल.

आई सकाळपासून धुसफुसत होती. उद्या गौरी यायच्या, घर आवरायचं तसंच पडलेलं, आणि ही निघाली लोणावळ्याला. मी म्हटलं, आई, कंपनीत सॉफ्टवेअर येतंय. ती म्हणाली, "येऊ दे की. त्याला आनायला तूच जायाला पायजे व्हय?"

तिला कसं समजावणार? नवलाख उंबरे गावाजवळची आमची कंपनी गाड्यांसाठी वायरींचे जुडगे बनवते. त्याला हार्नेस म्हणतात. खिळे मारलेल्या बोर्डावरून वायरी ओवायच्या, वरून टेप गुंडाळायची, टोकांना क्लिपा बसवायच्या. हे काम सहा बायका करतात आणि कोणी किती केलं हे आजवर कोणालाच नीट माहीत नव्हतं. आता प्रत्येक टेबलावर टॅब लागणार. त्यावर चार बटणं: सुरू, थांबा, पुन्हा सुरू, संपलं. मालकांचे चिरंजीव सत्यम सर सिंगापूरहून शिकून आलेत, त्यांनी हे आणलं. आणि या सॉफ्टवेअरची 'चॅम्पियन' म्हणून त्यांनी माझं नाव दिलं. बिल्ला मिळाला. वराळ्याला घरी येईपर्यंत मी तो गळ्यातच ठेवला होता.

३ सप्टेंबर, बुधवार

टॅब लागले. मी छोटंसं भाषण केलं. हात थांबला की 'थांबा' दाबायचं, मग यादी उघडते, त्यातलं कारण निवडायचं, परत आलात की 'पुन्हा सुरू'. कारणं मीच मराठीत लिहिली आहेत: चहा, जेवण, बाथरूम, माल नाही, मशीन बंद, इतर. माणूस याहून वेगळ्या कारणाने थांबू शकतो असं मला वाटत नाही.

सवितामावशी लाइनवरच्या सगळ्यात जुन्या. उंबऱ्याच्याच, पोरं मोठी झालेली, आणि डावखुऱ्या असूनही कामाला पटाईत. त्यांनी विचारलं, "मॅडम, आमी थांबलो की ते थांबनार, का ते थांबलं की आमी थांबायचं?"

"दोन्ही एकच आहे, मावशी."

"एक कसं आसंल?"

जुन्या माणसांना बदल पचायला वेळ लागतो हे ट्रेनिंगमध्ये सांगितलंच होतं.

४ सप्टेंबर, गुरुवार

काल घरी जाताना लाइनवरची अनिता 'थांबा' दाबायला विसरली. घड्याळ रात्रभर चालू राहिलं. सकाळी सॉफ्टवेअरने तिला आपोआप 'अखंड कार्य' नावाचं पदक दिलं, आणि मळवलीच्या फार्महाऊसवरून (सत्यम सर शुक्रवारी तिथूनच काम करतात, या वेळी गुरुवारीच पोचले) सरांचा मेसेज आला: "हू इज धिस अनिता? ब्रिलियंट." अनिताने पदकाचा फोटो काढून सासरी पाठवला. मी कोणालाच काही बोलले नाही. पहिल्याच दिवशी कोणाचा उत्साह कशाला मोडा.

९ सप्टेंबर, मंगळवार

आज उलटं झालं. चहानंतर 'पुन्हा सुरू' दाबायला पाचजणी विसरल्या. दुपारभर त्यांनी मान वर केली नाही, खोके भरून गेले, आणि रिपोर्टमध्ये पाचही जणी संध्याकाळपर्यंत चहा पीत होत्या. सरांनी विचारलं, चहा एवढा कसा लागतो? आपण कप लहान करायचे का?

मी लाइनवर जाऊन जरा आवाज चढवला. सवितामावशी म्हणाल्या, "पोरी कामच करत हुत्या. चहा घड्याळ पीत हुतं."

कप लहान झाले आहेत.

१५ सप्टेंबर, सोमवार

मोठी बातमी. सहाही जणी कंत्राटावर आहेत. दिवाळीच्या आधी त्यांतल्या तिघींना परमनंट करणार. म्हणजे पीएफ, बोनस, हक्काची रजा, आणि दर अकरा महिन्यांनी कंत्राटदाराच्या दारात जाऊन उभं राहणं बंद. कोणत्या तिघी? सर म्हणाले, "मी कोण ठरवणारा? डेटा ठरवेल. ज्यांचे थांबे कमी त्या आत." उरलेल्या तिघी आहेत तशाच राहतील. हे नीट पार पडलं तर मला असिस्टंट मॅनेजर करायचं त्यांच्या मनात आहे. हे ते सहज बोलून गेले, पण मी सहज ऐकलं नाही.

दुपारी लाइनवर सांगितलं तेव्हा कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मला वाटतं आनंद पोचायला थोडा वेळ लागतो.

रिपोर्टमध्ये चहा-जेवण सोडून बाकीचे थांबे लाल रंगात दिसतात. सुषमाची रांग सगळ्यात लाल. सुषमा वरच्या ठाकरवाडीतली, बोलणं कमी आणि हात चपळ. पण रोज दोनदा जाते, आणि कारण काय तर 'इतर'. हे 'इतर' काय भानगड आहे ते बघायला हवं.

१६ सप्टेंबर, मंगळवार

बघितलं. अकरा वाजता तिच्या मागोमाग गेले. फाटकाबाहेर वॉचमनच्या केबिनच्या आडोशाला तिची सासू गंगी बसली होती, मांडीवर पोरगं. वाडीवरून डोंगर उतरून ती दिवसातून दोनदा त्याला घेऊन येते. सुषमाने पदर घेतला आणि पाजायला बसली. पोरगं मला बघून हसलं. पिता पिता हसायला थांबलं, त्यामुळे थोडा वेळ वाया गेला.

गंगी म्हणाली, "बाय, तुमी ऊन लागंल अशा उब्या. सावलीत तरी या."

मला कसंतरीच झालं हे कबूल करते. लगेच सरांना फोन करून सुचवलं की यादीत 'बाळ' असं एक कारण घालू या, ते लाल धरायचं नाही. कायद्यात अशी सुट्टी आहे असं ऐकलंय, पण यादीत नाही. सर शांतपणे म्हणाले, "अपेक्षा, कारण दिलं की माणसं ते वापरायला लागतात."

मुद्दा बिनतोड होता. उद्या सवितामावशी म्हणाल्या माझंही बाळ आलंय, तर काय करायचं?

१९ सप्टेंबर, शुक्रवार

सुषमाचं समुपदेशन केलं. वेळेचं नियोजन म्हणजे काय ते कागदावर गोल काढून समजावलं. बाटली लावून बघ म्हटलं.

"लावली. थुकून टाकतो. लय केलं मॅडम."

"मग सकाळी निघताना भरपूर पाज."

ती म्हणाली, "मॅडम, माजं नाव जाईल का वो?"

मी म्हटलं, अजून महिना आहे, मनावर घेतलंस तर सगळं तुझ्याच हातात आहे. माझं मलाच ते वाक्य आवडलं. तिचे डोळे भरून आले. बोलणं आतपर्यंत पोचल्याची ती खूण असावी.

२५ सप्टेंबर, गुरुवार

चमत्कार! सोमवारपासून सुषमाचा एकही लाल थांबा नाही. चहा, जेवण, बाकी सगळं हिरवंगार. खोकेही पूर्ण. एका बैठकीत एवढा फरक पडेल असं मलाही वाटलं नव्हतं. समुपदेशन हा माझा पिंड आहे की काय?

सवितामावशींनी विनंती करून सुषमाचं टेबल दाराजवळ आणि आपलं तिच्या शेजारी घेतलंय. उजेड बरा येतो म्हणाल्या. मी लगेच परवानगी दिली. टीमला विश्वासात घ्यावं.

अकराला फाटकापाशी गंगी दिसली, पोरासकट. सवय मोडत नाही बिचारीची.

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. सगळ्या यंत्रांची पूजा झाली. बायकांनी टॅबनाही हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं. ओल्या कुंकवाचं बोट नेमकं 'थांबा'वर टेकलं आणि खालच्या 'माल नाही'वर हळदीचं. आरती संपेपर्यंत सरांचा पुण्याहून फोन: सहाही टेबलांवर माल कसा संपला? खरेदी विभागाला कारणे दाखवा नोटीस निघता निघता राहिली.

सुषमाचे हार्नेस तपासले. काहींवर टेप उजवीकडे गुंडाळलेली, काहींवर डावीकडे. म्हणजे आता ती दोन्ही हातांनी तितक्याच सफाईने काम करते! प्रोत्साहन मिळालं की माणूस कुठून कुठे जातो. अहवालात तिच्यावर वेगळा परिच्छेद लिहिला आहे.

सरांनी तिला 'शून्य थांबा' प्रमाणपत्र द्यायचं ठरवलंय.

७ ऑक्टोबर, मंगळवार

आज काय लिहू ते समजत नाही.

प्रमाणपत्रासाठी सुषमाचा काम करतानाचा फोटो हवा होता. अकरा वाजता कॅमेरा घेऊन गेले. तिची खुर्ची रिकामी. टॅबवर हिरवं घड्याळ चालू. आणि तिच्या बोर्डाशी उभ्या राहून सवितामावशी डाव्या हाताने टेप गुंडाळत होत्या. शेजारी त्यांच्या स्वतःच्या टॅबवर लाल अक्षरं: थांबा, इतर.

मी ओरडलेच. हे काय चाललंय? किती दिवस चाललंय? ही फसवणूक आहे!

कोणाचा हात थांबला नाही. मावशींनी टेप दाताने तोडली आणि म्हणाल्या, "कुनाची फसवनूक? कंपनीचा एक नग कमी आलाय का? मोजा."

"प्रश्न नगांचा नाही. सुषमा नसताना तिचं घड्याळ चालू आहे!"

"ती न्हाई पर तिचं काम हाय की. सावड हाय ही, मॅडम. आज मी तिचं करते, जेवनाच्या सुट्टीत ती आन् अनिता माजं करत्यात. अनिताचं डोकं धरलं की सुषमा तिचं वढती. तुमच्या वराळ्यात भात लावाया एकमेकाकडं जात नव्हते व्हय लोकं? बजरंग आबांची पोर ना तुमी?"

वडिलांचं नाव मध्ये आल्यावर मी कॅमेरा खाली घेतला. तेवढ्यात सुषमा पदर सावरत आत आली. मला बघून दारातच थबकली.

मी फोटो न काढता वर आले. म्हणजे माझं समुपदेशन वगैरे काही नव्हतं. त्या सगळ्या मला रोज 'गुड मॉर्निंग मॅडम' म्हणत होत्या. आणि तो परिच्छेद मी सरांना पाठवूनसुद्धा दिला आहे.

८ ऑक्टोबर, बुधवार

आबांना विचारलं सावड म्हणजे नेमकं काय. ते गॅलरीत बसले होते. समोर आमच्या शेतावर आता बारा मजले उभे आहेत, त्यांतले ते रोज दिवे बघतात.

"काय आसतंय त्यात? आज तुजं रान, उद्या माजं."

"पण हिशोब कोण ठेवायचं? एखाद्याने आपलं करून घेतलं आणि आलाच नाही तर?"

"मग फुडल्या साली त्याच्याकडं कुनी जात न्हाई. हाय काय त्यात."

आई आतून म्हणाली, "तू झालीस तवा आपलं भात कुनी काढलं, इचार त्यास्नी. मी बाजंवर, हे पाय मोडून तळेगावच्या दवाखान्यात. पाच घरच्या बाया आल्या आन् दोन दिसांत खळं भरून गेल्या. उंबऱ्याच्या बी हुत्या."

हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. नोंद नसणार.

सरांना सांगायचं की नाही? सांगितलं तर सुषमा जाते. इथे लिहायला हरकत नाही म्हणून खरं लिहिते: सुषमाचा विचार मनात दुसरा आला. पहिला विचार असा आला की तो परिच्छेद खोटा ठरला तर असिस्टंट मॅनेजर विसरा. मी गप्प बसले. ज्याला मी मनाचा मोठेपणा म्हणत होते तो निम्मा तरी घाबरटपणा होता.

१३ ऑक्टोबर, सोमवार

सर खुशीत आहेत. त्यांनी वर बोलावून मोठ्या पडद्यावर रिपोर्ट दाखवला. उत्पादन वाढलं, थांबे घटले. मी मान डोलावत होते.

"याचा अर्थ काय, अपेक्षा?"

"टीम छान काम करतेय, सर."

"याचा अर्थ सहा माणसं जास्त होतात. सॉफ्टवेअर म्हणतंय पाचांत भागतं."

तिघी परमनंट, दोघी कंत्राटावर, आणि एकीचं कंत्राट दिवाळीनंतर वाढवायचं नाही. कोण ते विचारायची गरज नव्हती, यादी पडद्यावरच होती. पहिली सुषमा. दुसरी अनिता. आणि सगळ्यात शेवटी, वरपासून खालपर्यंत लालभडक, सवितामावशी.

"ही बाई दिवसभर करते काय? रोज चार-पाचदा 'इतर'! तूच सांग, इतका वेळ कुठे असते?"

मला माहीत होतं ती कुठे असते. दुसऱ्यांच्या टेबलावर असते. सुषमाचं पोरगं, अनिताचं डोकं, कोणाची पाठ, प्रत्येक हिरव्या रांगेत त्यांचा हात आहे. जिने सगळ्यांची घड्याळं चालू ठेवली तिचंच तेवढं बंद.

मी म्हटलं, "बघून सांगते, सर." मला माझा इतका संताप आला की जिना उतरताना तो बिल्ला गळ्यातून ओढून काढला. दोरी तुटली नाही. फक्त मान सोलवटली.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

जेवणाच्या सुट्टीत मावशींना मागच्या शेडमध्ये गाठलं आणि सगळं सांगितलं. मला वाटलं त्या हबकतील. त्या भाकरीचा तुकडा मोडत राहिल्या.

"ठावं हाय मला. ते तांबडं माज्या नावावर येतंय ते दिसतंय की रोज."

"मग घड्याळ चालू ठेवून का नाही गेलात? तुमचंही चालू ठेवायचं!"

"आन् माज्या म्होरं नग न्हाईत आन् घड्याळ चालू, मग तुमी आला असता बगायला. एकाचं तरी बंद दिसायलाच पायजे. सुषमाचं कशाला? तिचं पोर अंगावर हाय."

"तुमची नोकरी जातेय, मावशी!"

त्या वेळी मात्र त्यांचा हात थांबला. "जातीय तर वाईट वाटंलच की. मी काय देव हाय व्हय? मालकांची बायको मला घेऊन आली तवापासनं हाय मी हितं. सहा कंत्राटदार बदलले, मी ऱ्हायले." मग भाकरी फडक्यात गुंडाळली. "तुमी साहेबाला खरं सांगू नका हां. सांगितलं तर मी ऱ्हाईन आन् ती जाईल. मग मी कुनाच्या तोंडाकडं बघू?"

सुषमाला यातलं काही सांगायचं नाही असंही बजावलं.

मी बाहेर येऊन स्कूटीवर नुसतीच बसून राहिले. खरं सांगितलं तर सुषमा जाते, नाही सांगितलं तर मावशी. यादी माझी, कारणं माझी, 'माणूस याहून वेगळ्या कारणाने थांबू शकत नाही' हेही माझंच. कोणाच्या तरी अंगावर ओरडावंसं वाटत होतं आणि समोर फक्त स्कूटीचा आरसा होता.

१५ ऑक्टोबर, बुधवार

चॅम्पियनला एक अधिकार असतो. 'दुरुस्ती'. टॅब बंद पडला, कोणी चुकीचं बटण दाबलं, तर मिनिटं इकडची तिकडे करता येतात. ट्रेनिंगमधला तो टायवाला गृहस्थ म्हणाला होता, हा अधिकार म्हणजे विश्वास आहे. आणि हेही म्हणाला होता की प्रत्येक दुरुस्तीपुढे करणाऱ्याचं नाव कायम उमटतं, ते पुसता येत नाही.

सकाळी आधी हुशारी केली. थोडी मिनिटं हलवून मावशींना पाचव्या नंबरावर आणलं. मग आधीची पाचवी शेवटी आली. तिला वर काढलं तर दुसरी कोणी खाली आली. कोणीतरी शेवटी येतंच. यादीचा धर्मच तो आहे.

म्हणून मग सगळ्यांची सगळी लाल मिनिटं एकत्र केली आणि सहाजणींत सारखी वाटली. बरोब्बर सारखी. सहा रांगा, एकीत आणि दुसरीत तीळभर फरक नाही. कोण पहिली आणि कोण शेवटची हे आता देवालाही सांगता येणार नाही. प्रत्येक रांगेपुढे बारीक अक्षरांत आलं: दुरुस्ती, अपेक्षा.

खरं सांगते, या कंपनीत लागल्यापासून आपण काही केलं असं मला आज पहिल्यांदा वाटलं.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

सर मळवलीला न जाता ऑफिसला आले, त्यावरून काय ते समजले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर सोपं गेलं असतं.

"अपेक्षा, तू डेटा खोटा केलास."

"तो आधीच खोटा होता, सर. मी फक्त सगळ्यांना सारखा वाटला."

"का?"

मी यादीतलं शेवटचं कारण सांगितलं. "इतर."

कोणी करायला लावलं, त्याचं नाव घे, ते म्हणाले. मी नाव घेतलं नाही. एवढंच म्हटलं की एकदा अकरा वाजता खाली येऊन उभे राहा, सर, फार्महाऊसवरून ते दिसत नाही. हे बोलायला नको होतं बहुतेक. पण मी बोलले, आणि बोलल्याचं मला वाईट वाटत नाही.

निकाल असा: डेटावर भरवसा राहिला नाही, म्हणून परमनंटचा विषय मार्चपर्यंत पुढे ढकलला. कोणालाच नाही. नोव्हेंबरमध्ये मोठी ऑर्डर आहे आणि कोणाला काढायचं हे ठरत नाही, म्हणून सहाही कंत्राटं वाढवली. बिल्ला काढून घेतला. चाकणहून एक नवा चॅम्पियन येतोय. माझी बदली स्टोअरमध्ये.

सुषमा जिन्याखाली उभी होती. परमनंटचं यंदा नाही, हे तिला समजलं होतं. तिला पक्की नोकरी मिळाली असती. ती मी घालवली, हेही तितकंच खरं आहे. ती म्हणाली, "मावशीनं सांगितलं मला. काल आमी दोगी लय भांडलो." आणि रडायला लागली.

घरी सांगितलं. आई म्हणाली वसुबारस आहे, आज तोंड पाडून बसू नको. जेवताना माझ्या ताटात आबांनी आपल्या हाताने तूप वाढलं, जे ते कधी करत नाहीत.

२९ ऑक्टोबर, बुधवार

स्टोअर म्हणजे अंधारी खोली आणि क्लिपांचे ढीग. सोळा जातींच्या क्लिपा एकमेकींत मिसळून पडल्यात. दिवाळीनंतरची मोजणी आहे, शुक्रवारपर्यंत सगळ्या वेगळ्या करून बरण्यांत भरायच्या. एकट्याने होणारं काम नाही, आणि मला वाटतं ते म्हणूनच मला दिलंय. सकाळपासून बसून एका कोपऱ्याचा कोपरा झाला. पाठ मोडली, नखं दुखतात. दुपारी जेवणाची घंटा झाली तरी उठले नाही. उठून कोणात जाऊन बसणार होते? दोन महिने ज्यांच्या चहाची मिनिटं मोजली त्यांच्यात?

दार ढकललं गेलं. मला वाटलं नवा चॅम्पियन. सवितामावशी होत्या, मागे अनिता, त्यामागे सुषमा. हातांत डबे.

"सरक गं पोरी," मावशी म्हणाल्या. त्यांनी मला पहिल्यांदा मॅडम म्हटलं नाही.

"मावशी, तुमची जेवणाची सुट्टी..."

"त्या टॅबला सांगितलंय जेवाया चाललो म्हनून. जेवतोय की. एका हातानं भाकर, एका हातानं ह्ये."

तिघी जमिनीवर बसल्या आणि क्लिपा वेगळ्या करायला लागल्या. कोणी काही विचारलं नाही, आभार मानायला जागाच ठेवली नाही. अनिता तिच्या सासरी ते पदक फ्रेम करून लावलंय हे सांगत होती. मी मान खाली घालून क्लिपा वेचत होते आणि त्या मला दिसत नव्हत्या. मग मला हुंदका आवरला नाही. मी ढसाढसा रडले. सुषमाने आपल्या डब्यातली चटणी माझ्यापुढे सरकवली.

घंटा झाली तेव्हा निम्मा ढीग संपला होता. उरलेला उद्या, म्हणाल्या. दारातून मावशी मागे वळल्या आणि म्हणाल्या की नव्या साहेबानं त्यांच्यावर नजर ठेवलीय, त्यांना आता टेबल सोडता येत नाही.

उद्या अकराला सुषमाच्या टेबलावर माझी पाळी आहे.